नकाशाच्या जबानीतून मंद्रूप

गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला ज्या प्रश्नाला सर्वांत आधी तोंड द्यावे लागते, तो प्रश्न गावकरीच विचारतात : "आमच्या गावाला इतिहास तो कसला? राजे-महाराजे होऊन गेले ते दुसरीकडे, लढाया झाल्या त्या दुसरीकडे. मग आमच्याविषयी लिहिणार तरी काय, आणि ते सापडणार कोठे?" सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला लागून सीना नदी ओलांडली, की दक्षिण सोलापूर तालुक्यातले मंद्रूप हे मोठे गाव लागते. त्या गावातही हा प्रश्न कोणी विचारला, तर त्यात नवल नाही. बखरी, तवारिखा आणि फर्माने यांचा रोख सत्ता जेथे बसली त्या ठिकाणांकडे असतो. जेथून ती केवळ ये-जा करीत राहिली, जेथून तिने सारा वसूल केला आणि जेथल्या विहिरींचे पाणी तिच्या बैलांनी प्यायले, त्या गावांचा उल्लेख तिच्या ग्रंथांत ओझरताच येतो.

परंतु ज्या सत्तेला गावाचा इतिहास लिहावासा वाटला नाही, तिलाच गावाची जमीन मात्र मोजावीशी वाटली, आणि त्या मोजणीतून नकाशे निर्माण झाले. गेल्या दोनशे वर्षांतले हे नकाशे ओळीने मांडून त्यांतला फरक वाचता आला, तर मंद्रूपसारख्या गावाचा बराचसा इतिहास हाती लागतो. तो वाचावा कसा, हे या प्रकरणात मंद्रूप आणि त्याचा परिसर समोर ठेवून पाहू.

१. नकाशा ही एक जबानी आहे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नकाशा म्हणजे जमिनीचे हुबेहूब चित्र, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात कोणत्याही नकाशात जमिनीवरच्या असंख्य गोष्टींपैकी थोड्याच घेतलेल्या असतात, आणि कोणत्या घ्यायच्या व कोणत्या सोडायच्या हे नकाशा काढणाऱ्याच्या गरजेवरून ठरते. लष्करी नकाशाला रस्ता, नदीचा उतार आणि उंचवटा हवा असतो. महसुली नकाशाला शेताची हद्द आणि क्षेत्र हवे असते. म्हणून न्यायाधीश जसा साक्षीदाराला, तू कोण, तेथे कशासाठी गेला होतास आणि तुला काय दिसू शकत होते, असे विचारून मगच त्याच्या सांगण्याचे मोल ठरवतो, तसेच नकाशाला विचारावे लागते. तुला कोणी काढले, केव्हा काढले आणि कशासाठी काढले, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज कोणत्याही जुन्या नकाशावर विसंबू नये.

२. गावाची हद्द आधी शब्दांत होती

इंग्रजी अंमल येण्यापूर्वी आपल्याकडे गावाची हद्द कागदावर रेखाटण्याची रीत क्वचितच होती. ती शब्दांत सांगितली जात असे. सनदेत किंवा महजरात जमिनीची चतुःसीमा लिहिली जाई : पूर्वेस अमुक ओढा, दक्षिणेस तमुक गावची शीव, पश्चिमेस वाट, उत्तरेस अमक्याचे शेत. हाही एक प्रकारचा नकाशाच होता, पण तो वाचायला गावाची ओळख असावी लागे. दोन गावांत शिवेचा तंटा उभा राहिला, म्हणजे हद्द माहीत असणाऱ्याला ती प्रत्यक्ष चालून दाखवावी लागत असे. हे काम बहुशः गावच्या महाराकडे असे, कारण गावाची शीव राखण्याचे कर्तव्य परंपरेने त्याच्यावर होते. शिवेची ही पिढीजात स्मृती ज्याने सांभाळली, त्याची आठवण पुढच्या भागांत ठेवावी; तिचा संबंध पुन्हा येणार आहे.

३. मग साखळी आली : तीन घराण्यांचे नकाशे

मंद्रूपच्या शोधात उपयोगी पडणारे नकाशे मुख्यतः तीन घराण्यांतले आहेत.

पहिले घराणे देश मोजणाऱ्यांचे. सर्व्हे ऑफ इंडिया या खात्याची स्थापना १७६७ साली झाली. १८०२ साली विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. दक्षिणेकडून उत्तरेकडे त्रिकोण जोडत जाताना १८२३ साली वर्ध्याकडील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात, एवढेच या विद्येचे सूत्र. पण त्या सूत्रावर देशभर पसरलेल्या निश्चित बिंदूंचे एक जाळे उभे राहिले, आणि पुढचे सारे नकाशे त्या जाळ्याला टांगले गेले. त्यांतूनच एक इंचाला एक मैल या प्रमाणाचे प्रसिद्ध 'इंची' नकाशे निघाले, आणि दशमान पद्धत आल्यावर १:५०,००० प्रमाणाची पत्रे त्यांच्या जागी आली. या पत्रांना क्रमांक असतात : चार अंश लांबी-रुंदीच्या मोठ्या चौकटीला एक आकडा, तिच्या सोळा भागांना इंग्रजी वर्णमालेतली अक्षरे आणि त्या प्रत्येक भागाच्या आणखी सोळा तुकड्यांना पुन्हा आकडे. मंद्रूपसह सोलापूरचा परिसर '४७ ओ' या भागात येतो. एवढे ध्यानात असले, म्हणजे नकाशांच्या ढिगातून आपले पत्र शोधायला वेळ लागत नाही.

दुसरे घराणे सारा आकारणाऱ्यांचे. पेशवाई संपल्यावर मुंबई इलाख्यात जमीनमहसूल कसा ठरवावा हा प्रश्न उभा राहिला. प्रिंगल याने केलेली पहिली आकारणी रयतेला झेपली नाही. तेव्हा १८३५-३६ च्या सुमारास सोलापूरला लागून असलेल्या इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत बसवली. शेतांना सर्व्हे नंबर द्यावेत, प्रत्येक नंबर मोजावा, मातीचा पोत आणि खोली पाहून त्याची प्रतवारी करावी, आणि ठरलेला आकार तीस वर्षे बदलू नये, ही त्या पद्धतीची अंगे. पुढील काही वर्षांतच ती सोलापूरच्या शिवारापर्यंत पोहोचली. आपल्या सात-बाराच्या उताऱ्यामागचा पाया तोच, आणि 'गाव नकाशा' हे त्याच मोजणीचे फळ.

तिसरे घराणे जिल्ह्याचे वर्णन करणाऱ्यांचे. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर खंड प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथांतले जिल्हा-नकाशे लहान प्रमाणाचे असतात; त्यांत मंद्रूप एका ठिपक्याएवढे दिसते, पण तो ठिपका कोणत्या रस्त्यावर आणि कोणत्या तालुक्यात होता हे त्यांतून कळते.

४. प्रमाण : कागदावरचा एक इंच किती मोठा?

नकाशा हाती आला, की प्रथम त्याचे प्रमाण पाहावे. जुन्या गाव नकाशाचे प्रमाण सामान्यतः एक इंचाला वीस साखळ्या असे असे. ही साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग पाडलेले असत आणि त्या भागांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. आणि चाळीस गुंठ्यांचा एकर.

आता उदाहरण करून पाहू. गाव नकाशावर गावठाणापासून एखाद्या विहिरीचे अंतर अडीच इंच भरले. एक इंच म्हणजे वीस साखळ्या, म्हणजे २० × ३३ = ६६० फूट. अडीच इंच म्हणजे १,६५० फूट, सुमारे पाचशे मीटर. पाण्याची घागर डोक्यावर घेऊन हे अंतर दिवसातून कितीदा कापावे लागले असेल, हा प्रश्न त्या आकड्यातूनच उभा राहतो.

क्षेत्राचे गणित याहून सोपे आहे. एक चौरस इंच म्हणजे वीस साखळ्या गुणिले वीस साखळ्या, म्हणजे ४०० गुंठे, म्हणजे बरोबर दहा एकर. नकाशावर एखादे शेत दीड इंच लांब आणि एक इंच रुंद दिसले, तर ते पंधरा एकरांचे. एका बैलजोडीने वाहता येईल एवढे शेत एका नंबरात बसवावे, असा त्या मोजणीचा विचार होता. म्हणून नंबरांचे आकार पाहिले, की जमीन हलकी होती की भारी याचाही थोडाबहुत अंदाज बांधता येतो.

इंची नकाशावर हिशेब निराळा : तेथे एका इंचाला मैल. सोलापूर ते मंद्रूप हे अंतर तेरा मैलांच्या आसपास, म्हणजे सरळ रेषेतल्या रस्त्याने तेरा इंच. आणि १:५०,००० च्या पत्रावर तेच अंतर सुमारे बेचाळीस सेंटिमीटर. मंद्रूपजवळच्या 'तेरामैल' या ठिकाणाच्या नावात रस्त्याच्या जुन्या मैल-मोजणीची आठवण आजही टिकून आहे.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. जुना कागद आकसतो, आणि छायाप्रत काढताना आकार बदलतो. म्हणून छापलेल्या प्रमाणावर न विसंबता नकाशाच्या खाली आखलेल्या मोजपट्टीवरूनच मोजावे. कागद आकसला तर ती पट्टीही त्याच्याबरोबर आकसते, आणि म्हणून ती खोटे सांगत नाही.

५. ज्यावर सन नाही, त्या नकाशाचा काळ कसा ठरवावा?

घरोघरच्या पेटीत लग्नाचे एखादे जुने छायाचित्र असते. त्यावर तारीख नसते, पण थोरली सून त्यात आहे आणि धाकटा नातू नाही, एवढ्यावरून घरातली वडील मंडळी त्याचा काळ चार-दोन वर्षांच्या फरकाने सांगतात. नकाशाचा काळ ठरवण्याची रीत हीच आहे : त्यात काय आले आहे आणि काय अजून यायचे आहे, हे पाहायचे.

सोलापूर परिसरासाठी या खुणा हाताशी ठेवाव्यात. पुण्याकडून येणारी रेल्वे १८६० साली सोलापूरला पोहोचली आणि पुढे रायचूरकडे गेली. सोलापूरच्या उत्तरेचा एकरूख तलाव १८७१ साली पुरा झाला. होटगीहून विजापूरमार्गे गदगकडे जाणारा लोहमार्ग १८८४ साली सुरू झाला. पूर्वेकडचे तुळजापूर आणि नळदुर्ग निजामाच्या राज्यात होते, ते १९४८ पर्यंत. अक्कलकोटचे संस्थान विलीन झाले तेही १९४८ साली. विजापूर जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले ते १९८० साली.

समजा, एका जिल्हा-नकाशावर सोलापूरला रेल्वे आली आहे, एकरूख तलाव निळा दिसतो आहे, पण होटगीहून दक्षिणेकडे एकही लोहमार्ग जात नाही. तर तो नकाशा १८७१ आणि १८८४ यांच्या दरम्यानचा. दुसऱ्या नकाशात दक्षिणेकडचा लोहमार्ग आहे आणि अक्कलकोट निराळ्या रंगात रंगवले आहे. तो १८८४ नंतरचा आणि १९४८ पूर्वीचा. मात्र नकाशाच्या कोपऱ्यात दोन साले छापलेली असतील, तर त्यांतला भेद ओळखावा : एक मोजणीचे, दुसरे छपाईचे. तीस वर्षांपूर्वी मोजलेले गाव नव्या रस्त्यांसह पुन्हा छापलेले अनेकदा आढळते. तेव्हा रस्ता नवा आणि वस्ती जुनी अशी सरमिसळ एकाच पत्रावर उमटते.

शोध घेताना नावांच्या लेखनाचीही सवय करून घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हंटर यांची लेखनपद्धती रूढ होण्यापूर्वी इंग्रज लोक आपली गावे कानाला ऐकू येतील तशी लिहीत. अकारासाठी यू हे अक्षर आणि ऊकारासाठी दोन ओ, अशी त्यांची धाटणी होती. आजच्या स्पेलिंगने शोधले आणि गाव सापडले नाही, म्हणून ते नकाशात नाही असा निर्णय घाईने देऊ नये. एकाच नावाची दोन गावे असल्यासही घोटाळा होतो. या तालुक्यात औज नावाची दोन गावे आहेत, आणि ती ओळखता यावीत म्हणून महसुली दप्तरात एकाला औज (मंद्रूप) आणि दुसऱ्याला औज (आहेरवाडी) असे लिहितात.

६. दोन नद्यांच्या मध्ये

आता १:५०,००० चे पत्र उघडावे आणि मंद्रूपची जागा शांतपणे पाहावी. नकाशातल्या अन्य कोणत्याही तपशिलाआधी एक गोष्ट डोळ्यांत भरते : मंद्रूप दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेले आहे. मोहोळकडून येणारी सीना सोलापूरच्या दक्षिणेला वळसा घालत खाली उतरते. पंढरपूर आणि माचणूरवरून येणारी भीमा दक्षिणेच्या बाजूने वाहते. आणि दोघींचा संगम कुडल येथे होतो. तेथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या अगदी आरंभीच्या शिलालेखांत त्याची गणना होते, आणि मंद्रूपच्या परिसरातल्या मानवी वस्तीचा तो एक हजार वर्षांपूर्वीचा दगडी पुरावा आहे.

या बेचक्याचा अर्थ असा, की मंद्रूपच्या माणसाला सोलापूरला जायचे तर वडकबाळच्या बाजूला सीना ओलांडावी लागते आणि विजापूरला जायचे तर टाकळीच्या बाजूला भीमा. पूल होण्यापूर्वीच्या काळात पावसाळ्याचे चार महिने या गोष्टीला किती महत्त्व असेल! म्हणून जुन्या नकाशात नदीवर जेथे जेथे उतार किंवा नाव यांची नोंद आढळते, तेथे विशेष लक्ष द्यावे. उताराकडे जाणाऱ्या गाडीवाटा गावातल्या कोणत्या वेशीपासून निघतात, त्या पुढे पक्क्या रस्त्यात मिसळल्या की शेतात विरून गेल्या, हे दोन निरनिराळ्या काळांच्या नकाशांवर पेन्सिलीने गिरवले, तर गावाचे तोंड कोणत्या काळी कोणत्या दिशेला होते हे कळून येते.

हा मार्ग साधा नव्हता. सोलापूरच्या किल्ल्यावरून अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यात सोळाव्या शतकात वारंवार तंटे झाले, आणि चांदबिबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला तेव्हा हाच किल्ला आंदण म्हणून दिला गेला. सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाची छावणी कित्येक वर्षे भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला, माचणूरजवळ, पडून होती. १८१८ साली इंग्रजांनी सोलापूरचा किल्ला घेतला. सोलापूर आणि विजापूर यांच्यामधल्या या पट्ट्यात फौजांचा दाणागोटा, वैरण आणि पाणी यांचा बोजा गावांवरच पडत असला पाहिजे. त्या फौजा नेमक्या कोणत्या वाटेने गेल्या हे नकाशा सांगणार नाही; पण हजारो जनावरांना पाणी मिळेल आणि नदी उतरता येईल अशी ठिकाणे किती थोडी आहेत हे तो दाखवतो, आणि शोधाचे क्षेत्र तेवढे आवळून देतो.

१८८४ चा लोहमार्ग हा या कथेतला मोठा टप्पा. त्या सालाच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन नकाशे शेजारी ठेवले, तर दिसते की विजापूरला जोडणारी रेल्वे मंद्रूपच्या रस्त्याने न येता पूर्वेच्या होटगीहून निघाली. होटगी रायचूरकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावर आधीपासूनच होती. शिवाय मंद्रूपच्या रस्त्याला सीना आणि भीमा अशा दोन नद्या वेगवेगळ्या ओलांडाव्या लागतात, तर संगमाच्या खालून जाणाऱ्या मार्गाला एकच प्रवाह आडवा येतो. रेल्वे आखणाऱ्यांच्या मनात कोणते कारण प्रधान होते ते त्यांच्या दप्तरातच पाहावे लागेल. पण मंद्रूपला स्थानक का नाही आणि रस्ता मात्र का टिकला, हा प्रश्न इतक्या नेमक्या रूपात मांडता आला, तो दोन नकाशांमधल्या फरकामुळे.

त्यानंतर १९५६ चा फरक पाहावा. त्यापूर्वी सोलापूर आणि विजापूर हे एकाच राज्यातले शेजारी जिल्हे होते. राज्य पुनर्रचनेनंतर मंद्रूपच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर राज्याची सीमा उभी राहिली. नकाशावर ती तुटक रेषा ओढायला क्षणही लागला नसेल. पण ज्या मुलखात घरात कानडी आणि बाजारात मराठी, किंवा त्याच्या उलट, असा व्यवहार सहज चालत आला, जेथल्या सोयरिकी भीमेच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या, तेथल्या शाळा, कचेऱ्या आणि महसूल यांचे मार्ग त्या रेषेने बदलून टाकले.

७. शिवाराचे बारीक वाचन : टिपण

गावाच्या आतल्या इतिहासासाठी मोठा नकाशा सोडून लहान कागदाकडे वळावे लागते. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जुन्या मोजणीची 'टिपणे' असतात. एका टिपणात एकच शेत असते. मोजणीदाराने शेतातून एक आधाररेषा धरलेली असते. तिच्यावर साखळ्या आणि आणे यांचे आकडे असतात. शेताच्या प्रत्येक कोनापर्यंत त्या रेषेपासून टाकलेल्या लंबांची मापे शेजारी लिहिलेली असतात, आणि भोवती लगतच्या नंबरांचे आकडे असतात. ही आकृती प्रमाणशीर नसते; तिचा जीव आकड्यांत असतो. त्या आकड्यांवरून क्षेत्र काढण्याचे गणित 'गुणाकार बुका'त केलेले सापडते. ज्या बांधावर आज दोन भावांत वाद आहे, तो बांध तेव्हा किती साखळ्या आणि किती आणे होता हे या कागदावर नोंदलेले असते. इतके जवळून गावाकडे पाहणारा दुसरा दस्तऐवज क्वचितच मिळेल.

येथे एक अडचण ठाऊक असावी. १९४७ च्या कायद्यान्वये ज्या गावांत जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तेव्हा आजच्या उताऱ्यावरचा आकडा घेऊन जुन्या नकाशात शोधले, तर भलत्याच शेतावर बोट पडेल. एकत्रीकरणाच्या पत्रकांतून जुन्या आणि नव्या क्रमांकांचा मेळ आधी घालावा आणि मग पुढे जावे.

नद्यांच्या काठच्या नंबरांना आणखी एक विशेष आहे. नदी पात्र बदलते, कोठे मळई टाकते, कोठे काठ धुऊन नेते. पण कागदावरची हद्द तेथेच राहते. आजच्या उपग्रहचित्रातला प्रवाह आणि जुन्या नकाशातली हद्द यांत जेथे अंतर पडले असेल, तेथे नदी पूर्वी कोठून वाहत होती याचा माग लागतो. त्याचप्रमाणे ओढ्यांवरचे तलाव पाहावेत. जुन्या पत्रावर कोरडा ओढा आणि नंतरच्या पत्रावर त्याच जागी बांध व पाणी दिसले, तर ते काम केव्हाचे याची चौकशी करावी. सोलापूर जिल्ह्यात १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांनी पाझर तलाव आणि रस्ते यांवर काम केले, आणि आजचे कित्येक वृद्ध त्या मातीत राबलेले आहेत. नकाशावरच्या त्या लहानशा निळ्या तुकड्याची साक्ष देणारी माणसे अजून हयात आहेत, ही गोष्ट संशोधकाने मोलाची मानावी आणि विलंब करू नये.

८. जे नकाशात आले नाही

जबानीत जे सांगितले गेले, तेवढेच मोल जे गाळले गेले त्यालाही असते. महसुली नकाशाला सारा देणारा खातेदार दिसला. त्याच्या शेतात राबणारे कूळ आणि सालगडी त्याला दिसले नाहीत. गावठाण त्याने बहुधा एका बंद आकृतीत उरकले, कारण तेथून शेतसारा येत नव्हता. त्यामुळे कोणत्या जातीची आळी कोठे होती, गावकुसाबाहेर कोण राहत होते, कोणाला कोणत्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती, यांविषयी तो मौन पाळतो. मेंढपाळांची बसण्याची राने आणि बायकांच्या पाणवठ्याच्या पायवाटाही त्यात नाहीत.

आणि सर्वांत मोठे मौन त्या माणसाविषयी आहे, ज्याने साखळी येण्यापूर्वी पिढ्यान् पिढ्या शीव आपल्या स्मृतीत जपली. मोजणीदाराला हद्द दाखवायला गावातलेच कोणी पुढे चालत गेले असले पाहिजे. नकाशावर अधिकाऱ्याचे नाव आले, वाट दाखवणाऱ्याचे आले नाही. महार वतनाच्या जमिनींना 'हाडकी-हाडोळा' म्हणत. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची ही वतने संपुष्टात आली. आपल्या गावात असे नंबर कोठे होते, ते ओढ्याकाठच्या सुपीक जमिनीत होते की माळावरच्या बरडात, एवढी एक गोष्ट जरी गाव नकाशा आणि प्रतवारी ताडून पाहिली, तरी गावाच्या जुन्या व्यवस्थेत कोणाच्या वाट्याला काय आले हे आकड्यांनिशी समोर येते. हे काम नाजूक आहे आणि आवश्यकही आहे. गावाचा इतिहास सगळ्या गावाचा असावा, असे ज्याला वाटते त्याला ते टाळता येणार नाही.

९. काम कसे करावे

शेवटी व्यवहाराचा क्रम सांगतो. मंद्रूपच्या एखाद्या शाळेतल्या शिक्षकाला आणि दहा विद्यार्थ्यांना हा क्रम सहज झेपेल.

प्रथम आजचा गाव नकाशा मिळवावा. भूमी अभिलेख खात्याने असे नकाशे आता संगणकावरही उपलब्ध करून दिले आहेत. मग त्याच खात्याकडे जुन्या गाव नकाशाच्या प्रतीसाठी अर्ज करावा. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे पत्र घ्यावे. अमेरिकी सैन्याच्या नकाशा-विभागाने विसाव्या शतकाच्या मध्याला भारताचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे छापले. ते टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जगाला खुले करून दिले आहेत, आणि १९५६ च्या आसपासची स्थिती पाहायला ते उपयोगी पडतात. मोडी वाचणारा कोणी सोबत असेल, तर पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर आणि १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांची वाट धरावी.

नंतर जुना आणि नवा नकाशा एकमेकांवर बसवावा. संगणकावर हे क्यूजीआयएस नावाच्या विनामूल्य प्रणालीने करता येते. ती नसेल तर पारदर्शक कागद आणि पेन्सिल पुरेशी आहे. दोन्ही नकाशांत निश्चितपणे तेच आहेत असे चार-पाच बिंदू आधी निवडावेत : जुने देऊळ, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, बांधीव विहीर. नदीचे वळण किंवा रस्त्याचा फाटा यासाठी घेऊ नये, कारण ते सरकलेले असू शकतात.

तिसरी पायरी म्हणजे फरकांची यादी. जे जुन्यात आहे आणि नव्यात नाही ते एका रकान्यात, जे नव्यात आहे आणि जुन्यात नाही ते दुसऱ्या रकान्यात, आणि तिसरा रकाना मोकळा ठेवावा. हा मोकळा रकाना नकाशा घेऊन शिवारात फिरून आणि वडीलधाऱ्यांना विचारून भरायचा. विचारताना "इथे पूर्वी काय होते?" असा मोघम प्रश्न न विचारता, "ही वाट औजाकडे जात होती, ती कधी मोडली?" असा नेमका प्रश्न विचारावा; नेमक्या प्रश्नाला स्मृती नेमके उत्तर देते. शेतांची चालू नावे, जी कोणत्याही सरकारी कागदावर नाहीत, तीही याच वेळी नंबरांसमोर लिहून घ्यावीत. आणि दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता तेच सांगितले, तरच ती नोंद पक्की धरावी.

अशा एका यादीतून मंद्रूपचा जो इतिहास उभा राहील, त्यात राजांची नावे थोडी येतील. उतार, वाटा, विहिरी, बांध, तलाव, वतने आणि सीमा यांची फार येतील. पण गाव म्हणजे तरी दुसरे काय असते? माणसांनी पाणी कोठून आणले, जमीन कशी वाटून घेतली, कोणाला तीतून वगळले आणि जगाशी कोणत्या रस्त्याने संबंध ठेवला, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या गावाला देता येतात, त्या गावाला आपला इतिहास आहे. आणि मंद्रूपच्या बाबतीत ती उत्तरे शोधण्याची साधने तालुक्याच्या दप्तरात आणि गावातल्या वृद्धांच्या स्मरणात आज उपलब्ध आहेत. दप्तर कदाचित आणखी शंभर वर्षे टिकेल. स्मरणाला तेवढी मुदत नाही. म्हणून आधी नकाशा घ्यावा आणि तो घेऊन लगेच त्या वृद्धांकडे जावे.